हलका नको

काउंटरवर दोन लॅपटॉप उघडून ठेवले होते आणि मुक्ताबाईंचा दोन्हींवर विश्वास नव्हता. दुकानदार अजीमवर तर नव्हताच. सगळ्यांत कमी होता तो शेजारी उभ्या असलेल्या सुनेवर, स्नेहलवर.

"मावशी, दोन्ही चांगले आहेत," अजीम म्हणाला.

"दोन्ही चांगले कसं आसतील? येक चांगला आसल, येक खपवायचा आसल."

अजीम हसला. मुक्ताबाई हसल्या नाहीत. टाकव्याहून वडगावपर्यंत सुनेच्या स्कूटीवर मागं बसून त्या आल्या होत्या, त्या याचसाठी. भाताचा पैसा त्यांच्या कमरेच्या पिशवीत होता. तो सुटायच्या आधी कोण काय लपवतंय ते त्यांना कळायला हवं होतं.

अजीमनं समजावून सांगितलं. डावीकडचा हलका. बिलं, पत्रं, पोरांचा अभ्यास, सिनेमे, रोजच्या कामाला उत्तम. एकदा चार्ज केला की दिवसभर चालतो, कुठंही घेऊन जा. उजवीकडचा दणकट. मोठाले नकाशे, अख्खी इमारत चहूबाजूंनी फिरवून बघायची, असलं काम त्यालाच झेपतं. फक्त बॅटरी लवकर उतरते. काम करताना वायर लावूनच ठेवावी लागते.

स्नेहल वडगावातल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात लोणावळ्याच्या बंगल्यांचे नकाशे काढायची. आता साहेबांनी घरूनच काम करायला सांगितलंय, असं ती म्हणत होती. खरंखोटं बघायला मुक्ताबाई काही त्या ऑफिसात गेल्या नव्हत्या.

"मला हा हलकाच बरा," स्नेहल म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली.

मुक्ताबाईंनी मान वळवली. सुनेनं तो लॅपटॉप एका हातावर तोलून पाहिला. मग खांद्यावरच्या पिशवीत सरकवला. बरोबर बसला. चेनही लागली.

शेजारच्या निवृत्तीची सून अशीच एक पिशवी खांद्याला लावून पुण्याला जायला लागली होती. आधी अधूनमधून. मग तिनं तिकडं खोली घेतली. मग नवराही गेला. आता दोघं दिवाळीला येतात, ओट्यावर बसून फोन बघतात आणि निघतात. मुक्ताबाईंचा मुलगा हनुमंत तर नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीला कंटाळलेलाच होता. त्याला एवढंसं निमित्त पुरलं असतं.

"घरूनच काम करायचं तर पिशवीत कशाला घालून बघतीस?"

"कुटं न्यायचा झाला तर, आत्या."

"कुटं?"

स्नेहलनं लॅपटॉप बाहेर काढून काउंटरवर ठेवला, पण हात त्याच्यावरच राहू दिला.

मुक्ताबाईंना आणखी काही ऐकायचं नव्हतं. त्या उजवीकडच्या लॅपटॉपकडं वळल्या. दोन्ही हातांनी उचलून पाहिला. चांगला वजनदार होता. चार्जर तर विटेएवढा.

"ह्याची वायर काढली तर किती येळ चालतोय?"

"भारी काम असेल तर तासभर, मावशी. फार तर दीड."

"म्हंजी भिंतीपासनं हलायचा न्हाई."

"तसंच समजा. पण हा महाग पडेल. आणि ताईंना तर तो आवडलाय."

विकणारा माणूस महागाचा नको म्हणतोय, हे मुक्ताबाईंना आणखीच खटकलं. या दोघांनी आधीच बोलून तर ठेवलं नव्हतं ना?

"हाच बांध," त्या म्हणाल्या.

"आत्या, अवो, एवढा कशाला..."

"हाच. हलका नको."

स्नेहलनं मान खाली घातली.

परतताना कान्ह्याचं रेल्वे फाटक लागलेलं होतं. स्नेहलनं स्कूटी बंद केली. मागं मुक्ताबाई मांडीवर खोकं घेऊन बसल्या होत्या. सून रस्ताभर फुगून बसेल असं त्यांना वाटलं होतं. पण ती गुणगुणत होती. हळू, आपल्याशीच.

मुक्ताबाईंनी थोडा वेळ ते ऐकून घेतलं.

"पोरी, तुला हाच पायजे हुता?"

गुणगुणणं थांबलं.

"व्हय."

"आन त्यो हलका?"

"नकाशा फिरवाय घेतला की हँग झाला असता, आत्या. दोन कामं वेळंवर दिली नसती की साहेबांनी दुसरी पोरगी बघितली असती."

"मंग दुकानात तोंडानं बोलली का न्हाईस?"

"मी हा मागितला असता, तर तुमी त्यो घेतला असता."

मुक्ताबाईंना राग यायला हवा होता. तो येईना. उभा जन्म ज्याच्याबरोबर संसार केला, त्या नवऱ्यालाही त्या इतक्या कळल्या नव्हत्या. सुनेच्या पाठीकडं त्या बघत राहिल्या.

मालगाडी आली. धडधडत, संपता संपेना. आणि तिचा शेवटचा डबा जायच्या आत मुक्ताबाईंच्या मनात दुसरंच आलं. हिला हलकाच हवा असला तर? तो हातचा गेला, आता सासूला कशाला दुखवायचं, म्हणून ही असं गोड बोलत असली तर?

"आन हे तरी खरं सांगतीस का?"

आरशात स्नेहलचा अर्धाच चेहरा दिसत होता. तो हसत होता की उन्हानं डोळे बारीक झाले होते, ते मुक्ताबाईंना समजेना.

फाटक वर गेलं. स्कूटी सुरू झाली.

"घट्ट धरा, आत्या," स्नेहल म्हणाली.

खोकं धरायचं की तिला, ते तिनं सांगितलं नाही.