पोपटी दार

"कुणी विश्वास ठेवणार नाही," सुंदरमूर्ती म्हणाले, "पण माझ्या गाडीवर ओरखडा टिकत नाही. माणसाची जखम भरते ना, तसा भरून येतो."

सैदापेटच्या त्या गल्लीतल्या मांजरांनासुद्धा ही गोष्ट पाठ होती. त्यांची मुलगी मरगदम दुसरीत असताना तिनं अँबॅसेडरच्या मागच्या डाव्या दारावर, हँडलखाली, पिनेनं चिंचोक्याएवढा हत्ती कोरला. बापानं तिला दोन धपाटे घातले आणि मुरुगनला गाऱ्हाणं घातलं. पंधरवड्यात हत्ती गायब. ज्याला खोटं वाटेल त्यानं यावं आणि दार बघावं. लोक येत, वाकून बघत. हत्ती नसायचाच. आणखी पुरावा काय हवा?

आत्ता सुंदरमूर्ती पळनीला मुरुगनच्या दर्शनाला निघाले होते आणि जावयाला बजावत होते. "नागलिंगम, रोज नुसती चालू करायची. फाटकाबाहेर काढायची नाही. नवरात्रातल्या आयुधपूजेला परत येतो, तेव्हा चावी तुम्हा दोघांची. पण एक जरी ओरखडा दिसला, तर गाडी कोइंबतूरच्या पुतण्याला."

"मामा, ओरखडे आपोआप भरतात ना? मग काळजी कसली?"

"देवाला ऊठसूट कामाला लावू नये, मापिळ्ळै," सासरे म्हणाले आणि रिक्षात बसले.

नागलिंगमला ती गाडी हवी होती. त्याच्या खानावळीचे डबे सायकलवरून जात, आणि निम्मं सांबार रस्ता पीत असे. मरगदमला गाडी त्याच्याहून जास्त हवी होती. बापानं तिला कधी चाकाला हात लावू दिला नव्हता. म्हणून बापाची रिक्षा कोपऱ्यावर वळली न वळली, तोच ती म्हणाली, "अहो, मला मागे घ्यायला शिकवा."

तिनं मागे घेतली. गल्लीतला हातपंप जागचा हलला नाही. मागचं डावं दार मात्र मसाला डोशासारखं दुमडलं.

"पुदुपेटला जा," कपाळ चोळत मरगदम म्हणाली. "आणि पोपटी रंगाचं मिळाल्याशिवाय जेवायला येऊ नका."

पुदुपेटच्या गल्लीत गाड्यांचे अवयव विकत मिळतात. एका दुकानात नुसती बॉनेटं, दुसऱ्यात नुसते दिवे. कासिमभाईकडे नुसती दारं. वाळत घातलेल्या लुंग्यांसारखी ती रांगेनं टांगलेली असत.

"रंग कुठला, तंबी?"

"पोपटी."

कासिमभाईनं चहाचा पेला खाली ठेवला. "गाडी आहे की मिरची?"

"सासऱ्यांची हौस आहे, भाई. इथून तांबरमपर्यंत असा रंग दुसऱ्या गाडीला नाही."

"बरोबर. शहाणा माणूस लावणार नाही." कासिमभाई रांगांमागे गेला. बराच वेळ पत्रे खणखणले. मग तो धुळीनं माखलेलं एक दार ओढत आला आणि त्यावर ओलं फडकं फिरवलं. खालून पोपट हसला.

नागलिंगमनं बिजागऱ्या मोजल्या, काचेची खाच चाचपली. सगळं जुळत होतं.

"एकदा ठोकून सरळ केलंय, उगाच खोटं कशाला बोलू," कासिमभाई म्हणाला. "रंग मात्र मूळचा. माझ्या बापाच्या वेळेपासून पडून आहे."

"कुठल्या गाडीचं?"

"तंबी, या गल्लीत दाराचा भाव विचारतात, खानदान नाही."

दार बसलं. रॉकेलच्या बोळ्यानं पुसून मरगदमनं ते आरशासारखं चमकवलं.

आयुधपूजेच्या सकाळी सुंदरमूर्ती मुंडण करून, पंचामृताचा डबा घेऊन उतरले. घरात पाऊल टाकण्याआधी त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. चारही दारं एकेक करून उघडली, लावली आणि कान देऊन ऐकली. मागच्या डाव्या दाराशी थबकले. पुन्हा लावून पाहिलं.

नागलिंगम मरगदमच्या मागे सरकला.

"वा," सासरे म्हणाले. "आज हे दार अगदी जुन्या दिवसांसारखं वाजलं."

गल्ली जमली. चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूचे हार चढले. मरगदम ओल्या विभूतीची तीन-तीन बोटं प्रत्येक दारावर ओढत गेली. समोर नवा भाडेकरू उभा होता. त्यानं गोष्ट ऐकली नव्हती, म्हणून सुंदरमूर्तींना चेव आला. चावी हातात नाचवत त्यांनी हत्तीचं आख्यान लावलं. धपाटे झाले, गाऱ्हाणं झालं, मुरुगन प्रसन्न झाला.

"आणि बघा, हेच ते दार..."

चावी हवेतच थांबली. उन्हानं विभूती वाळून झडली होती, आणि हँडलखालच्या बारीक ओरखड्यांत राहून काहीतरी पांढरं उमटलं होतं.

संपलं, नागलिंगमच्या मनात आलं. गाडी गेली कोइंबतूरला. "मामा, ते दार म्हणजे..." त्यानं सुरुवात केली.

पण सासऱ्यांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. मुंडण केलेल्या डोक्यावर घाम फुटला होता. त्यांनी घाईघाईनं त्या पांढऱ्या खुणेवर तळवा दाबला आणि म्हणाले, "...तर तेव्हापासून या गाडीला गॅरेजवाल्याचा हात लागलेला नाही."

मरगदमनं बापाचा तळवा अलगद बाजूला केला. खाली चिंचोक्याएवढा पांढरा हत्ती सोंड वर करून उभा होता. तिनं बापाच्या बोटांतून चावी काढून घेतली.

"अप्पा, हत्ती भरून आला नव्हता. तो दारासकट पुदुपेटला गेला होता, आम्ही परवा त्याला घरी आणलं."