पिशवीतला सुवास

भाताच्या एका वाणापायी कृषी संशोधक रत्नपालनं वर्षानुवर्षं डोक्याचा पार भुगा करून घेतला होता. सुवासिक रोपं करपा रोगानं जायची, अन् करप्याला पुरून उरणाऱ्यांचा भात भुशासारखा बेचव लागायचा. शेवटी पानांतला डीएनए तपासून, सुवासाची अन् रोग सोसण्याची अशा दोन्ही खुणा असलेली रोपंच निवडत, वाण एकदाचा हाती आला. २००५च्या उन्हाळ्यात त्यानं पहिल्या तांदळाची पिशवी एसटीच्या ड्रायव्हरकरवी गावी साखऱ्याला मायकडं धाडली, अन् रविवारी स्वतः जेवायला गेला.

मायनं, पद्माबाईनं, वाफाळता भात वाढला. त्यानं घास नाकाशी नेला. वास नाही. परत नेला. नाहीच! प्रयोगशाळेवर, त्या खुणांवर, स्वतःवर चरफडत त्यानं ताट बाजूला सारलं. "सारी मेहनत मातीत गेली, माय. ह्याला तर कसलाच वास न्हाई!"

शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून माय जवळ सरकून हळूच म्हणाली,



"रेशनच्या तांदळावानी दोन दिस उन्हात घातला, चार पाण्यानं धुतला, तवा कुठं गेला तो वास. काहून रे लेका, येवढा सायब झालास तरी तुला बी वास मारणाराच तांदूळ देऊन राहिले?"