अप्पांचा नवा पत्ता

"लागला का नंबर आपल्या गावच्या मेडिकलला?" आजोबांनी विचारलं. हातात त्यांचा देहदानाचा फॉर्म होता. "चाळीस वर्षं पोरांना बेडूक कापायला शिकवलं. आता नातीनं माझ्यावर शिकावं."

"नाही लागला, अप्पा. लांबचं कॉलेज मिळालं."

खोटं होतं ते. पसंतीक्रमात गावचं कॉलेज मी टाकलंच नव्हतं. तिथं खऱ्या देहावर शिकवतात, आणि कधीतरी टेबलावर अप्पा असतील हा विचारच मला नको होता. मी निवडलेल्या कॉलेजात सगळं संगणकाच्या पडद्यावर शिकवतात, देह घेतच नाहीत.

अप्पांनी पेन उघडलं. "त्यात काय! तिथला पत्ता सांग. फॉर्म बदलून घेतो."

तिथून नकाराचं पत्र येऊन माझं खोटं उघडं पडू नये, म्हणून पिनकोडचा शेवटचा आकडा मी मुद्दाम चुकीचा सांगितला. तोही त्यांनी वळणदार अक्षरात लिहून घेतला.