अध्याय ऐकायचा राहिलाय

“आजी, कानात लसणाचं तेल घालून वर हे इअरबड खुपसता? कसा बरा होणार कान?” डॉक्टरांनी बॅटरी विझवली. “आतून सुजलाय. मी सांगेपर्यंत कानात काही घालायचं नाही.”

कुमुदताईंनी मान हलवली. मोतीबिंदूमुळे पोथी वाचता येईनाशी झाली, तेव्हापासून त्या रोजचा अध्याय फोनवर ऐकत. तो ऐकल्याशिवाय अन्नाला शिवत नसत. मुलगा घरूनच ऑफिसचं काम करी. त्याला आवाजाचा त्रास नको, म्हणून त्यानेच हे इअरबड आणून दिले होते.

सून मृणाल त्यांना घेऊन घरी आली, तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती आणि मुलाची मीटिंग चालूच होती. कुमुदताईंनी फोनवर अध्याय लावला.

“आई, हळू,” तो आतून म्हणाला.

त्यांनी आवाज कमी केला, तर त्यांना काहीच ऐकू येईना. फोन बंद करून त्या भिंतीला टेकल्या. “राहू दे, मृणाल. भूकही नाही फारशी.”

मृणाल नवऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. “तुझा कान धड आहे ना? मग मीटिंग तू कानात घाल.”

त्याने मृणालच्या हातातल्या आईच्या इअरबडसाठी हात पुढे केला.

“हे नकोत. आईंचा कान पिकलाय. स्वतःचे शोध.”

मग तिने अध्याय मोठ्याने लावला. चार-दोन ओव्या झाल्या असतील, तोच दमलेल्या सासूबाईंचा डोळा लागला. मृणालने त्यांना उठवलं नाही. नेम मोडू नये म्हणून ती शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली.