दारावरचा गुणाकार

हेमांगीने देवाची क्षमा मागितली आणि घेतला वसा टाकला. लग्नात मिळालेली आपापली मूळ, म्हणजे कशानेच भाग न जाणारी, संख्या नवराबायकोने एकमेकांपासून लपवायची, दारावर फक्त गुणाकार लावायचा, अशी रीत. भागाकार म्हणजे पाप! पण नवऱ्याच्या मेंदूतलं यंत्र अडकलं होतं. ते त्याच्या संख्येनेच उघडणार होतं, नाहीतर तो वाचत नव्हता. तिने दारावरच्या आकड्याला स्वतःच्या संख्येने भागलं.

"ताई, हे उत्तर मूळ नाही," डॉक्टर चाचरले. "याचे आणखी दोन तुकडे पडतात. कोणते, ते शोधायला शतकं लागतील. तिसरी संख्या कुणाची?"

हेमांगी दवाखान्याच्या खोलीबाहेर येरझारा घालू लागली. तिथे एक अनोळखी बाई डोळे पुसत उभी होती. हेमांगी तिच्यापुढे थांबली.

"रड नंतर, बाई. आधी आकडा सांग."