बुटक्या पायऱ्या

जंगलातली वाट दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांत एक निवृत्त गवंडी होते. चढावरच्या पायऱ्या ते मुद्दाम बुटक्या बसवायचे, जेमतेम चार बोटं उंचीच्या.

"काका, अशाने दुप्पट दगड लागतील," गटाची प्रमुख वैतागली.

"लागू देत. मी वाहीन."

तीन महिने त्यांनी खरंच पाठीवरून दगड वाहिले.

वाट खुली झाली त्या सकाळी ते बायकोला घेऊन आले. गुडघ्यांच्या दुखण्याने ती चार वर्षं घराबाहेर फारशी पडलीच नव्हती. काठी टेकत, दम खात ती माथ्यावर पोचली आणि खालचं रान डोळे भरून पाहत राहिली.

"अहो, किती सोपी आहे ही वाट! मी उगाचच घाबरत होते."

"तुला केव्हाचं सांगतोय," गवंडी म्हणाले, "पण माझं ऐकतंय कोण!"