न दिसलेला ट्रोगन

सदाहरित जंगलातल्या आमच्या लॉजवर रोज संध्याकाळी पक्ष्यांची यादी वाचतात आणि पाहुणे ‘दिसला’ किंवा ‘नाही’ सांगतात. लाल पोटाचा ट्रोगन हा आमचा मानाचा पक्षी. तो ज्याला दिसला नसेल, त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे गाईडने, म्हणजे मी, पुन्हा घेऊन जायचं असा नियम आहे.

एकटेच आलेले एक काका सलग चार दिवस “नाही बुवा” म्हणाले.

“काका, चष्मा बदला!” बाकीचे हसले. मॅनेजर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, “जीवशास्त्राची पदवी आहे ना तुझ्याकडे? एक पक्षी दाखवता येत नाही? अशाने चालायचं नाही हं.”

काका जेवणाच्या टेबलावर गप्प असत. पायवाटेवर मात्र कुजबुजत अखंड बोलत. बायको गेल्यापासून एकाच कपाचा चहा करायला अजून जमत नाही म्हणत. मग विचारत, “तुझ्या घरी कोण कोण असतं रे? जेवतोस ना वेळेवर?” इथे आल्यापासून मला पक्ष्यांखेरीज कुणी काही विचारलं नव्हतं.

पाचव्या पहाटे ट्रोगन अगदी समोर, उघड्या फांदीवर येऊन बसला. काकांनी दुर्बीण लावली आणि मिनिटभर ते हललेसुद्धा नाहीत. मग दुर्बीण उतरवून म्हणाले, “कुठे रे? मला तर नाही दिसला.”



“मलाही नाही, काका,” मी म्हणालो. “उद्या परत येऊ.”